वारसनोंद आधी, अर्ज नंतर: एका एकल महिलेच्या पुनर्वसनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू गावातले आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. जिच्याबद्दल लिहिले आहे तिला इथे फक्त ताई म्हटले आहे.

ताईचा नवरा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 14 मे 2021 रोजी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात वारला. वय 36. ताई 31 वर्षांची, शिक्षण नववीपर्यंत. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. घरात सासू, धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुले. सासरे आधीच वारलेले, नणंद नाही. सातबाऱ्यावर सासू, नवरा आणि दीर अशी तीन नावे सामाईक, क्षेत्र 2 हेक्टर 40 आर, म्हणजे सहा एकर. विहीर एक, मोटार एक, रेशनकार्ड एक.

रुग्णालयाचे बिल 1,48,000 रुपये झाले. त्यातले 28,000 घरात होते. उरलेले 1,20,000 दिराने ओळखीच्या माणसाकडून शेकडा तीनने उचलले. महिन्याला 3,600 रुपये नुसते व्याज. दीर वाईट माणूस नव्हता. भाऊ वाचावा म्हणून त्याने स्वतःच्या नावावर कर्ज घेतले होते आणि ते डोक्यावर असतानाच पुढचे सगळे निर्णय तो घेत होता. हे ध्यानात ठेवले नाही तर हे प्रकरण ‘सासरच्यांनी छळले’ एवढ्यावर संपते आणि हाती काही लागत नाही.

अडचण नेमकी कुठे होती

एकल महिलांसाठीच्या योजनांची यादी आज कोणत्याही कार्यकर्तीच्या फोनमध्ये असते. संजय गांधी निराधार अनुदान, बालसंगोपन, त्या काळात कोरोना मृत्यूचे 50,000 रुपयांचे सानुग्रह अनुदान, बचत गटाचे कर्ज, सगळे माहीत असते. अर्ज अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. अर्जाला लागणारा प्रत्येक कागद घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतो.

ताईच्या बाबतीत ती अक्षरशः एक पत्र्याची पेटी होती. सासूच्या खाटेखाली ठेवलेली, किल्ली सासूच्या कमरेला. पेटीत नवऱ्याचे आधार, बँकेचे पासबुक, रेशनकार्ड, सातबाऱ्याची जुनी प्रत, रुग्णालयाची फाईल. ताईच्या स्वतःच्या हातात तिचे आधार आणि मुलांचे जन्मदाखले, एवढेच.

मृत्यूदाखला महानगरपालिकेने दिला होता. त्यात नवऱ्याचे नाव रुग्णालयाच्या नोंदीप्रमाणे, म्हणजे घरी हाक मारायचे ते, लागले होते. आधारवर, सातबाऱ्यावर आणि बँकेत कागदोपत्री नाव वेगळे. त्या गर्दीच्या आठवड्यांत अशा चुका फार झाल्या. आणि एका नावाच्या फरकाने बँक, तलाठी आणि पंचायत समिती या तिन्ही ठिकाणी फाईल थांबते.

पहिला निर्णय: सही थांबवली

तेरावा झाल्यावर तिसऱ्या दिवशी दिराने टाईप केलेला मुद्रांक कागद आणला. म्हणाला, “वहिनी, पीककर्ज नवं-जुनं करायचंय, इथं आणि इथं सही करा.” ताईने वाचायला घेतला. पहिल्या पानावर बरेच काही होते, दुसऱ्या पानावर ‘हक्क सोडत आहे’ असे शब्द होते. ती म्हणाली, उद्या करते. संध्याकाळी गावातल्या आशाताई, म्हणजे आशा आरोग्यसेविका, मुलाच्या तापासाठी घरी आल्या तेव्हा तिने त्यांना कागदाचा फोटो काढू दिला.

आशाताईंनी तो फोटो तालुक्यातल्या एकल महिलांच्या गटाकडे पाठवला. गटासोबत तालुका विधी सेवा समितीच्या एक अर्धविधी (पॅरालीगल) स्वयंसेविका काम करतात, म्हणजे वकील नसलेल्या पण कायद्याचे प्रशिक्षण घेतलेल्या. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. स्वयंसेविकेने कागद वाचून तीन गोष्टी सांगितल्या. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय जमीन कुणाच्या नावावर जात नाही. ताई सोडू शकते तो फक्त स्वतःचा हिस्सा. वारशाने अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलांना आलेला हिस्सा आई न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडू किंवा विकू शकत नाही. तरीही सही करू नये, कारण नोंदणी नसलेला कागदसुद्धा पुढे तलाठ्यासमोर आणि भावकीत ‘हिनं आधीच लिहून दिलंय’ म्हणून फिरवला जातो.

इथे दोन रस्ते होते. थेट नकार द्यायचा, किंवा वेळ मागायचा. गटाच्या अनुभवात पहिल्या महिन्यात दिलेला थेट नकार बहुधा माहेरच्या एसटीत बसण्यावर संपतो. म्हणून ताईने घरी सांगितले, “तीन महिने कशावरच सही करणार नाही, वर्षश्राद्धाआधी वाटणीचं बोलायचं नाही.” कुणावर आरोप नाही, आणि गावाला पटेल अशी सबब. ती टिकली.

पण दिराची गरज खोटी नव्हती. पीककर्ज नवे-जुने करायला, म्हणजे जुने फेडून लगेच नवे घ्यायला, मयत खातेदाराच्या वारसांचा प्रश्न बँकेने काढलाच असता. स्वयंसेविकेने हाच धागा पकडला. कर्जासाठी हक्कसोडाची गरज नाही, वारसनोंदीची, म्हणजे सातबाऱ्यावर मयताच्या वारसांची नावे लावण्याची आहे. ती झाली की बँक नव्या नावांवर कर्ज नवे-जुने करते. दिराला हवे होते ते काम ताईच्या हक्काच्या रस्त्यानेच होत होते. हे त्याला समजावायला दोन बैठका लागल्या, आणि दुसऱ्या बैठकीला तो बँकेतून स्वतः विचारून आला होता.

वारसनोंदीत कुणाची नावे

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा होता, आणि तो चुकता चुकता राहिला.

तहसीलसमोर बसणाऱ्या एका लेखनिकाने ताईला सल्ला दिला होता की अर्जात फक्त तुझे आणि मुलांचे नाव टाक, सासूचे टाकू नकोस, नाहीतर तुझा वाटा कमी होईल. माहेरच्यांनाही ते पटले होते. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 मात्र स्पष्ट आहे: मृत पुरुषाची विधवा, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघेही वर्ग एकचे वारस, प्रत्येकाला सारखा हिस्सा. सासूला वगळून अर्ज दिला असता तर तो खोटा ठरला असता, हरकत आली असती, नोंद तक्रारी नोंदवहीत गेली असती आणि पुढचे वर्षभर सुनावण्या चालल्या असत्या.

गटाने ताईसमोर हिशोब मांडला. सामाईक क्षेत्रातला नवऱ्याचा तिसरा हिस्सा 80 आर. त्याचे चार भाग, प्रत्येकी 20 आर. ताई आणि दोन मुले मिळून 60 आर, म्हणजे दीड एकर. सासूचे स्वतःचे 80 आणि मुलाकडून आलेले 20, मिळून एक हेक्टर. सासूला वगळून ताईच्या पदरात फार तर अर्धा एकर जास्त दिसला असता, तोही कागदावरच.

गटाची कार्यकर्ती हा हिशोब वहीच्या पानावर लिहून सासूकडे घेऊन गेली. सासूला वाचता येत नाही, पण आकडे कळतात. तिने विचारले, “माझं नाव पण लावणार ती?” लावणार म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. चार दिवसांनी तिने पेटी उघडली आणि कागद स्वतः काढून दिले. पुढे जे जे जमले ते या दिवसानंतर जमले.

अर्ज 5 जुलै 2021 ला तलाठ्याकडे दिला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 149 प्रमाणे वारसाने आलेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते आणि तलाठ्याने तिची लेखी पोच द्यायची असते. पोच मागून घेतली. ती नसेल तर ‘अर्ज आलाच नाही’ हे उत्तर ठरलेले असते. सोबत मृत्यूदाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांचे आधार. दाखल्यावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव एकाच माणसाचे आहे हेही प्रतिज्ञापत्रातच लिहिले, त्यामुळे दुरुस्त दाखल्याची वाट पाहावी लागली नाही. वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6क मध्ये, चौकशी झाली, फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, धरला गेला, 15 दिवसांची नोटीस निघाली. हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी सप्टेंबरमध्ये नोंद प्रमाणित केली. मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ लागले: अज्ञान पालनकर्ता आई. हे एवढेसे शेपूट तपासायला विसरू नये. काही ठिकाणी तिथे काका किंवा आजोबा लागलेले दिसतात आणि ते काढायला पुन्हा फेरफार करावा लागतो.

राहायचे कुठे

तीन पर्याय होते. माहेरी जाणे, तालुक्याच्या गावी खोली घेणे, किंवा त्याच घरात वेगळी चूल मांडणे. माहेरी भाऊ-भावजय दोन खोल्यांत राहत होते. तालुक्याला भाडे परवडले नसते. ताईने वेगळी चूल निवडली. घरगुती हिंसाचार कायदा 2005 च्या कलम 17 ने सामायिक घरात राहण्याचा हक्क तिला आहेच, पण तो कुणाला ऐकवावा लागला नाही.

गाव सोडल्याने जमिनीतला हक्क जात नाही. जाते ती वहिवाट, शेजाऱ्यांची साथ, आणि मुलांची शाळा. म्हणून हा निर्णय बाईने स्वतः, घाई न करता घ्यावा लागतो, आणि जिथे मारहाण आहे तिथे तर हा हिशोबच लागू होत नाही. तिथे आधी सुरक्षित जागा.

पासबुकातली एक ओळ

पेटीतून निघालेले नवऱ्याचे पासबुक शेवटचे 2019 मध्ये छापलेले होते. कार्यकर्तीने बँकेत जाऊन ते पुढे छापून घेतले आणि ओळ न् ओळ वाचली. 29 मे 2020 ला 330 रुपये वजा झालेले होते. हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा तेव्हाचा वार्षिक हप्ता. विमा दोन लाखांचा, मुदत 1 जून ते 31 मे. मृत्यू 14 मे 2021 चा. म्हणजे विमा सतरा दिवस शिल्लक असताना माणूस गेला होता. घरात कुणालाच हे माहीत नव्हते.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने आधी ‘या वर्षी हप्ता कापलेला नाही, विमा बंद आहे’ असे सांगितले. मुदतीच्या तारखा दाखवल्यावर दावा अर्ज मिळाला. दावा शाखेतूनच विमा कंपनीकडे जातो. पण इथे दाखल्यातले नाव आडवे आले. जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्तीची सोय आहे, पण महानगरपालिकेला रुग्णालयाचे पत्र हवे होते आणि रुग्णालयाने ते द्यायला पाच आठवडे लावले. दुरुस्त दाखला मिळायला एकूण सात आठवडे गेले.

आणि मग दुसरी गोष्ट समोर आली. खाते लग्नाआधी उघडलेले होते. नामनिर्देशन आईचे, म्हणजे सासूचे. दोन लाख सासूच्या खात्यात जाणार होते आणि कायद्याने ते तिचेच ठरत होते.

वारसनोंदीत सासूला वगळले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

दोन लाखांचे काय करायचे

ऑक्टोबरमध्ये पैसे जमा झाले. त्याआधी बिलाच्या बाबतीत एक काम झाले होते. राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या कोविड उपचारांचे दर 21 मे 2020 च्या अधिसूचनेने बांधून दिले होते: साधा विलगीकरण कक्ष दिवसाला 4,000, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. डॉक्टरांची तपासणी फी आणि नर्सिंग या दरातच धरलेले. ताईचा नवरा नऊ दिवस अतिदक्षता विभागात होता, व्हेंटिलेटरवर नव्हता. बिलात 9,000 चा दर लावला होता, म्हणजे दिवसाला 1,500 जास्त, नऊ दिवसांचे 13,500. शिवाय डॉक्टरांची फी दिवसाला 2,000 वेगळी, नऊ दिवसांचे 18,000. दोन्ही मिळून 31,500. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखापरीक्षणाची मागणी करताना ही आकडेमोड एका पानावर, बिलाच्या प्रतीसह जोडली होती. ‘जास्त बिल लावले’ एवढीच तक्रार केली की ती फिरत राहते. कोणत्या ओळीत किती जास्त हे लिहिले की उत्तर द्यावे लागते. तीन महिन्यांनी 31,500 परत मिळाले आणि ते थेट कर्जात भरले. मुद्दल 88,500 उरले.

या 88,500 वरून गटात बराच वाद झाला. काही जणींचे म्हणणे, कर्ज दिराने काढले, दिराने फेडावे. विम्याचा पैसा मुलांचा. काहींचे म्हणणे, परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यावर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा 2014 खाली उपनिबंधकाकडे तक्रार करा. दुसरा पर्याय कायद्याने बरोबर होता, पण कर्जदार दीर होता आणि तो तक्रारीला तयार नव्हता. त्याला बाजूला ठेवून तक्रार केली असती तर साक्षीलाही कुणी उभे राहिले नसते.

शेवटी सासूने ठरवले ते असे: 88,500 देऊन कर्ज पूर्ण मिटवायचे. दोन्ही नातवंडांच्या नावे पोस्टात प्रत्येकी 50,000 ची मुदत ठेव, पालक ताई. उरलेले 11,500 सासूकडे. तोवरचे व्याज दिराने भरले होते, ते त्याने मागायचे नाही. फेड झाल्याची पावती आणि दिराने दिलेले दोन कोरे धनादेश परत घेतले, तेव्हाच पैसे हातात दिले.

हा निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे. ते कर्ज राहिले असते तर प्रत्येक सुगीला जमिनीच्या बोलण्यात आले असते. पण ज्या घरात सासू अशी वागणार नाही, तिथे हा नमुना चालणार नाही, हेही तितकेच खरे.

अर्जांचा क्रम

पुढचे अर्ज एकमेकांवर उभे होते, म्हणून क्रमाला फार महत्त्व होते.

संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत लागते. वारसनोंदीआधी उत्पन्नाचा दाखला मागितला तेव्हा तलाठ्याने सामाईक सहा एकर आणि एकत्र रेशनकार्ड पाहून 48,000 लिहिले. तो दाखला जोडला असता तर अर्ज नामंजूर झाला असता आणि नामंजूर अर्ज पुन्हा उभा करणे नव्या अर्जापेक्षा अवघड. तो दाखला बाजूला ठेवला. वारसनोंद झाली. सासूच्या संमतीने तहसीलच्या पुरवठा शाखेत तीन नावे कमी करून विभक्त शिधापत्रिका काढली. मग नवा उत्पन्नाचा दाखला, 60 आर कोरडवाहूवर. त्यानंतर अर्ज. मंजुरी 2022 च्या जूनमध्ये, तेव्हा दोन मुले असलेल्या विधवेला दरमहा 1,200 रुपये. 2023 पासून 1,500.

कोरोनाचे सानुग्रह अनुदान पहिल्या फेरीत नामंजूर झाले, कारण आरटीपीसीआरचा पॉझिटिव्ह अहवाल नव्हता. निदान छातीच्या एचआरसीटीवरून झाले होते. सप्टेंबर 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयात तपासण्यांवरून केलेले निदानही ग्राह्य धरलेले आहे. एचआरसीटी अहवाल आणि रुग्णालयाचा मृत्यूसारांश जोडून जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीकडे अपील केले. मार्च 2022 मध्ये 50,000 ताईच्या आधारजोडणी असलेल्या खात्यात आले. या अर्जात इतर वारसांची हरकत नसल्याची घोषणा लागत होती. शेजारच्या एका गावात दिरानेच आधी अर्ज भरल्यामुळे एका बाईचे प्रकरण आठ महिने लटकले होते. इथे सासूची संमती आधीच होती.

बालसंगोपनचा अर्ज सप्टेंबर 2021 मध्ये दिला. गृहचौकशी होऊन बालकल्याण समितीचा आदेश फेब्रुवारीत आला. तेव्हा मुलामागे 1,100 रुपये, 2023 पासून 2,250. कागदावर हा सगळ्यात मोठा आधार. पण पैसे महिन्याला येत नाहीत. पाच-सहा महिन्यांचे एकदम येतात. त्यावर किराणा चालत नाही. ताईला सुरुवातीलाच सांगितले की हा पैसा शाळेची फी, गणवेश, आजारपण यांसाठी धरायचा आणि रोजच्या खर्चाला मजुरी.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 मिळण्यासारखे नव्हते, कारण कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत नव्हते. तो अर्ज केलाच नाही. न मिळणाऱ्या अर्जाला ‘भरून तर बघू’ म्हणणे हा बाईच्या दोन दिवसांच्या मजुरीचा खर्च असतो.

उपजीविका: शिलाई मशीन का नाही

मदत करू पाहणाऱ्या दोन संस्थांनी शिलाई मशीन देऊ केले. ताईने नको म्हटले. गावात आधीच पाच मशीन होती, त्यातली तीन वापरात नव्हती. तिला शिवण येत नव्हते. शेत आणि जनावरे येत होती. तिने सानुग्रह अनुदानातून उस्मानाबादी शेळ्या घ्यायचे ठरवले. चार शेळ्या प्रत्येकी 8,500 प्रमाणे 34,000, गोठ्याला 7,000, आणि 9,000 हाताशी राखून ठेवले.

इथे चूक झाली, आणि ती मदत करणाऱ्यांची होती. शेळ्या मे 2022 च्या अखेरीस आणल्या, पावसाळ्याच्या तोंडावर. तीन गाभण होत्या, त्या पाठोपाठ जुलैत व्यायल्या. सहा करडे झाली, तीन पंधरा दिवसांत गेली. गोठ्याची जमीन मातीची, पत्रा एका बाजूने गळका, करडे ओल्यात बसत होती. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाआधी टोचून घ्यायची असते, ती राहिली. जंताचे औषधही दिले नव्हते. पशुवैद्यकीय दवाखाना आठ किलोमीटरवर होता, लस तिथे उपलब्ध होती. कुणी आणायला गेले नाही एवढेच.

दुसऱ्या वर्षी बांबूच्या फळ्यांचा दोन फूट उंच माचा केला, खाली लेंड्या पडून कोरड्या राहतात. एका शेळीला दहा चौरस फूट निवाऱ्याची जागा या हिशोबाने गोठा वाढवला. मेमध्ये आंत्रविषाराची लस, करडे तीन-चार महिन्यांची झाली की पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस, पावसाआधी आणि नंतर जंतनाशक. बांधावर सुबाभूळ आणि हादगा लावला. त्या वर्षी एकही करडू गेले नाही आणि पाच बोकडे विकली गेली. राखून ठेवलेल्या 9,000 मधून पहिल्या वर्षीचा औषधखर्च आणि उन्हाळ्याचा चारा निघाला. ते राखले नसते तर एखादी शेळीच विकावी लागली असती.

काय वेगळे करता आले असते

पाण्याची पाळी लिहून घ्यायला हवी होती. ओढ्याकडचे 60 आर ताईने कसायचे हे तोंडी ठरले. विहीर आणि मोटार दिराच्या बाजूला. खरीप निभावला. रब्बीत वीज रात्रीची, मोटार दिराची, आणि ‘आज नाही, उद्या’ होत होत अर्ध्या हरभऱ्याला दुसरे पाणी मिळालेच नाही. भांडण झाले नाही, पण पीक निम्मे आले. वहिवाटीच्या वाटणीत फक्त जमीन मोजली, पाणी मोजले नाही. सासूसमोर साध्या कागदावर वार आणि तास लिहून तिघांच्या सह्या घेतल्या असत्या तरी पुरले असते. पुढच्या वर्षी तसे केले: मंगळवार आणि शुक्रवार ताईचे, वीजबिल पाण्याच्या तासांच्या प्रमाणात.

मुलीकडे लक्ष फार उशिरा गेले. पहिले पाच महिने सगळ्यांचे डोळे कागदांवर होते. शाळा सुरू झाल्यावर बाईंनी सांगितले की मुलगी वर्गात बोलतच नाही. वडिलांना रुग्णालयात नेताना तिने गाडीत बसू द्या म्हणून हट्ट केला होता आणि तिला घरात कोंडून ठेवले होते, हे तेव्हा कळले. ताईलाही रात्री झोप येत नव्हती; तिला ते कुणी विचारले नव्हते. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एकदा मानसोपचार तपासणी असते, तिथे दोघींना नेले. पहिल्या महिन्यातच, दाखल्यासाठी तालुक्याला नेले तेव्हाच, हे करता आले असते. जाण्याचा खर्चही वेगळा पडला नसता.

ताईच्या स्वतःच्या नावावर एका सूक्ष्म वित्त कंपनीचे गटकर्ज होते. वसुलीवाला सात महिने येत राहिला आणि ती मजुरी करून हप्ते भरत राहिली. कर्जपत्रिकेवर नवऱ्याचाही विमा कापलेला होता, हे आठव्या महिन्यात कुणीतरी पाहिले. उरलेले कर्ज विम्यातून मिटले, भरलेले हप्तेही बऱ्याच पाठपुराव्यानंतर परत आले. पासबुक ज्या दिवशी वाचले त्याच दिवशी ही पत्रिका वाचायला हवी होती.

आज

ताई 60 आर स्वतः कसते, पाळीप्रमाणे पाणी घेते. शेळ्या नऊ आहेत. निराधारचे 1,500 आणि दोन मुलांचे 4,500 कागदावर महिन्याला सहा हजार होतात, येतात ते तुकड्यांनी. उरलेले दिवस ती मजुरीला जाते. बचत गटाची ती आता सचिव आहे आणि तालुक्याच्या बैठकीला नव्या बायकांचे पासबुक तीच वाचते.

सातबारा अजून सामाईकच आहे. तहसीलदारांकडून जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली वाटप करून घ्यायचे तर सगळ्यांची संमती लागते. दीर तयार आहे, पण विहिरीच्या हिश्श्याची नोंद कशी करायची यावर एकमत झालेले नाही. स्वतंत्र वीजजोडणीसाठी ताईने अर्ज केला आहे, तो मंजूर व्हायचा आहे. मुलांचे हिस्से ती सज्ञान होईपर्यंत ‘अ.पा.क. आई’ खालीच राहतील.